सहा बंद रणगाडे

४ नोव्हेंबर, सोमवार

नवी नोकरी, नवी खोली आणि नवी वही. वही बाबांनी घेऊन दिली. राजेगावच्या फाट्यावर बस येईपर्यंत ते माझी पेटी सायकलला टेकवून उभे होते आणि ओळखीचा कुणी दिसला की आपणहून सांगत होते, श्रुतिका बी. ए. झाली, बालाघाटात संग्रहालयात लागली. संग्रहालय अजून व्हायचं आहे, हे मी दोनदा सांगून पाहिलं. मग सोडून दिलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी आठवीच्या पुढे गेलेलं नाही. बाबांना तेवढं बोलायचा हक्क आहे.

बंडोपंतांचं घर काली पुतळी चौकापासून दहा मिनिटांवर आहे. पुढे सीताफळाची दोन झाडं, मागे माझी खोली, खोलीला स्वतःची खिडकी. ते सरकारी खात्यात ओव्हरसियर म्हणून लागले आणि मोठे इंजिनियर होऊन निवृत्त झाले. आता शहात्तर वर्षांचे आहेत. पत्नी, उमाकाकू, बारा वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नाही. मी त्यांना काका म्हणायचं, हे त्यांनीच ठरवलं.

पुढच्या मोठ्या खोलीत चारी भिंतींना काचेची कपाटं आहेत. त्यांत दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे, तोफा, जीपा, ट्रक. सगळे एकास पस्तीस मापाचे, सगळे काकांनी जोडलेले. एकूण एकशे त्रेचाळीस. या मापात उभा माणूस करंगळीएवढा होतो. हा संग्रह ते एका शाळेला देणार आहेत. शाळा त्यासाठी खोली बांधते आहे आणि दारावर काकांचं नाव येणार आहे. मी प्रत्येक गाडीची धूळ काढायची, फोटो घ्यायचा, यादी करायची आणि मुलांना समजेल अशी पाटी लिहायची. काकांचे हात हल्ली कापतात, म्हणून बारीक रंगकामही माझ्याकडे.

मुलाखतीत त्यांनी माझी पदवी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. बोटं पाहिली. एवढी स्थिर कशी, असं विचारलं. मी सांगितलं, लहानपणापासून आजीसोबत विड्या वळल्या. ते हसले आणि म्हणाले, मग काम झालं.

६ नोव्हेंबर, बुधवार

आज काकांनी मला कामाची रीत शिकवली. किटमध्ये सगळे सुटे भाग प्लास्टिकच्या जाळीत अडकलेले येतात. ते पक्कडीनं तोडायचे, कानशीनं घासायचे, चिमट्यानं धरून चिकटवायचे. मग राखाडी अस्तर, मग खरा रंग, आणि शेवटी चिखल, गंज, धूर. नवी कोरी गाडी जुनी दिसली पाहिजे, तरच ती खरी वाटते.

जमीन करायला खरीच माती लागते. ती चहाच्या गाळणीनं गाळायची, किडे मरावेत म्हणून कढईत भाजायची आणि पांढऱ्या डिंकाच्या पाण्यावर भुरभुरायची. काका फक्त वैनगंगेच्या पात्रातली वाळू वापरतात. दुसरी कुठलीही माती घरात आणायची नाही, हा त्यांचा पहिला नियम.

दुसरा नियम, माणसाचे डोळे सगळ्यांत शेवटी. डोळे रंगवले की तो आपल्याकडे पाहायला लागतो, मग त्याच्यावर दुरुस्ती करवत नाही, असं ते म्हणाले. मला हे फार आवडलं.

तिसरा नियम, वरच्या फळीवरच्या सहा रणगाड्यांना हात लावायचा नाही. बाकीच्या गाड्यांची झाकणं उघडी आहेत, आतून चालक डोकावतात. या सहांची झाकणं बंद आहेत, वरचा फिरता बुरूजही डिंकानं पक्का केलेला. सहाही जाड पत्र्याचे, त्या युद्धातले सगळ्यांत भक्कम. यादीत फक्त नावं लिही, म्हणाले.

खिडकीजवळच्या टेबलावर एक मोठा अर्धवट देखावा आहे, लाकडी फळीवर मांडलेला. मधोमध खड्डा, खड्ड्याच्या काठावर एक लष्करी ट्रक, त्याच्याजवळ पाठमोरा उभा फावडेवाला. बाकी जमीन कोरी. अकरा वर्षं हे काम अडलं आहे, कारण मातीचा रंग जमत नाही. काका त्या टेबलाकडे पाठ करून बसतात.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

पाट्यांवरून काकांशी थोडा वाद झाला. माझं म्हणणं, तोफेचं वजन आणि पल्ला लिहितो तसं तिनं किती माणसं मारली हेही लिहावं. नाहीतर मुलं म्हणतील, काय छान खेळणं आहे. आणि मेलेल्यांची नावं कुठे मिळाली तर तीही लिहावीत. काका म्हणाले, नावं कुणी वाचत नाही, बेटा. मी म्हणाले, म्हणूनच लिहायची. 

स्वयंपाकाच्या ललिताबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी जाता जाता मला टोला दिला, "का वो बाई, बी. ए. करून बाहुल्यायची धूळ पुसून राह्यली का?" मी म्हणाले, हौ. त्या हसतच गेल्या. पण त्या खोलीत त्या स्वतः झाडू मारत नाहीत. ते काम कोण करायचं, विचारलं तर म्हणाल्या, आता तू.

१० नोव्हेंबर, रविवार

घरी आले. आजीनं माझ्यासाठी लाखोळीची भाजी वाळवून ठेवली होती. शेवंताबाई म्हणजे माझी आजी, पंचाहत्तरीची. अजूनही रोज सकाळी आरशाच्या तुकड्यात बघून रुपयाएवढं कुंकू लावते.

त्या कुंकवावरून तिनं जन्मभर ऐकून घेतलं. माझे आजोबा, महागू, एक्कावन्न वर्षांपूर्वी मोहाटोल्याच्या तलावाच्या कामावर गेले ते परत आलेच नाहीत. बाबा तेव्हा दोन वर्षांचे. गावानं ठरवून टाकलं की महागू कामावरची बाई घेऊन पळाला. पळालेल्याची बायको विधवा होत नाही, म्हणून कुंकू पुसता येत नाही; आणि लावलं की बाया तोंडावर पदर धरून हसतात. लग्नाकार्यात तिला ना सवाष्णींच्या ओळीत जागा, ना विधवांच्या. आजोबांचा फोटोही नाही. आजीला विचारलं की ती एवढंच सांगते, उंच होता, आणि कडबा कापताना डाव्या हाताची करंगळी गेली होती.

मी शाळेत असल्यापासून ठरवलं आहे, शिकून एक दिवस हे कोडं सोडवीन. पदवी झाली, आता कारण सांगता येणार नाही.

दुपारी बाबांसोबत मोहाटोल्याच्या तलावावर गेले. आमच्या वावराला त्याचंच पाणी आहे. पाळीवरची, म्हणजे बांधावरची माती इतकी सुंदर तांबडी, मध्ये काळे चमकते कण. एकदम काकांच्या अर्धवट देखाव्याची आठवण झाली. हाच रंग हवा होता त्यांना. डबाभर घेतली. नियम मला आठवत होता. पण बुधवारी काका डोळे तपासायला गोंदियाला जाणार आहेत. परत येतील तेव्हा अकरा वर्षांचं काम पूर्ण झालेलं दिसेल.

१३ नोव्हेंबर, बुधवार

माती गाळली, भाजली, लावली. कढईत ती लवकर वाळेचना. अर्धा तास लागला. पण देखाव्यात काय शोभली! ट्रक पहिल्यांदा कुठेतरी उभा आहे असं वाटलं. संध्याकाळी काका येतील.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काका ओरडले नाहीत, तेच जास्त वाईट वाटलं. दारातच थांबले आणि विचारलं, माती कुठली. मी सांगितलं. त्यांनी भिंतीला हात लावला आणि तसेच आपल्या खोलीत जाऊन पडले. रात्री जेवले नाहीत.

सकाळी मी देखाव्यावरची माती खरवडायला गेले. डिंक वाळून दगड झाला होता. आणि त्या वाळलेल्या मातीत चाकांच्या खुणा होत्या. ट्रक काल काठावर होता. आज पुढची दोन्ही चाकं खड्ड्यात उतरली आहेत. मी हात लावलेला नाही. काका अंथरुणातून उठलेले नाहीत. मग कुणी?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारचे बारा. ललिताबाई बाजारात, काका झोपलेले, खोलीत लख्ख ऊन. आवाज आला. टिक, टिक, टिक. नख पत्र्यावर वाजवल्यासारखा. वरच्या फळीवरून.

स्टूल घेतलं आणि पहिला रणगाडा उतरवला. आत काहीतरी खुळखुळलं. काकांच्या कामात सुटा भाग कधी राहत नाही. दुसराही खुळखुळला. सहाही.

प्रत्येक गाडीची काकांनी नोंद ठेवली आहे, रंग कोणता, दिवस किती. त्या वह्या माझ्याच ताब्यात आहेत. सहा रणगाड्यांच्या पानांवर मात्र रंगाआधी एक ओळ जास्तीची आहे. 'आतला माणूस.' आणि पुढे नाव. अशी पाच नावं आहेत. दोन आमच्याच बाजूची आहेत. पुनाराम म्हणजे पलीकडच्या वस्तीवरच्या म्हातारीचा भाऊ असणार. तोही तलावाच्या कामावरून नागपूरकडे गेला आणि परत आला नाही, असं आम्ही ऐकत आलो.

सहाव्याच्या पुढे लिहिलं आहे, 'नाव माहीत नाही.'

वही मिटून पेटीत ठेवली. 

१७ नोव्हेंबर, रविवार

मी आजीला सांगून टाकलं. थांबायला हवं होतं, काकांना आधी विचारायला हवं होतं, पण तिच्या कपाळाकडे पाहून थांबवेना. म्हटलं, आजोबा पळाले नाहीत. तलावाच्या कामावर सहा माणसं मेली, ते लपवलं, सहाव्याचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही. ते आपले आजोबा.

आजीनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "तो पयाला नाही न मंग?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "एक्कावन वर्स गावानं माह्या कुकवावर थुकलं, पोरी."

मग ती उठली, न्हाणीत गेली आणि कुंकू धुऊन आली. हातातल्या बांगड्या तिनं उंबऱ्यावर स्वतःच फोडल्या. रडली नाही. तिचा चेहरा हलका झाल्यासारखा दिसत होता. बाबांनी दहाव्याचं ठरवलं. सगळ्या गावाला जेवण घालणार. म्हणाले, हसणाऱ्या बायांना पहिल्या पंगतीत बसवू.

१८ नोव्हेंबर, सोमवार

काकांसमोर वही ठेवली. त्यांनी नाकारलं नाही. तलावाच्या कामावर तेव्हा ओव्हरसियर तेच होते.

ट्रक महायुद्धाच्या लिलावातला, ठेकेदारानं घेतलेला, ब्रेक धड नसलेला. दुपारच्या सुट्टीत सहा मजूर त्याच्या ताडपत्रीच्या सावलीत आडवे झाले होते. ट्रक पाळीवरून घरंगळला, पाळीच्या पायासाठी खणलेल्या चरीत उलटा पडला आणि लोखंडी हौदा त्यांच्यावर झाकणासारखा बसला. ते जिवंत होते. आतून पत्रा वाजवत होते. काढायला अर्धा दिवस लागला असता, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांची पाहणी होती. बाकीचे मजूर लांब झाडाखाली जेवत होते. चरीच्या काठावर मुरमाचा डोंगर फळ्या लावून अडवलेला. फळ्या काढल्या की सगळा मुरूम चरीत, काम झालं.

मी फक्त सांगितलं, असं ते तीनदा म्हणाले. मी फक्त सांगितलं. मला किळस आली. एवढं करूनही जबाबदारी झटकत होते.

उमाकाकू गेल्यावर घरात पत्रा वाजायला लागला. जेवताना, देवापुढे, दिवसाढवळ्या. तेव्हा त्यांनी सहा माणसं केली आणि जाडात जाड पत्र्यात बंद केली. आवाज थांबला. बाकीचे एकशे सदतीस रणगाडे, तोफा, ट्रक या सहांना झाकायला. मी माती आणेपर्यंत त्यांना अकरा वर्षं झोप लागत होती.

मी म्हटलं, हे सगळं लिहून सही करा. गावात वाचून दाखवीन. ते नाही म्हणाले. शाळेच्या दारावर नाव लागणार आहे, ते लागू दे, मग मर म्हटलंस तर मरतो. आणि हात जोडून म्हणाले, "झाकणं उघडू नको, बेटा. ते नाव विचारून येत नाहीत."

आजीच्या जन्माचं मोल या माणसाच्या दारावरच्या पाटीपेक्षा कमी.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी सुरीनं सहाही बुरूज कापले. हात अजिबात हलला नाही. एकेकाला चिमट्यानं बाहेर काढलं. डोक्याला फडकं, अंगात बंडी, उघडे पाय. डोळे रंगवलेले नव्हते. मी रंगवले. बारा डोळे, सुईच्या टोकाएवढे. प्रत्येकाला मातीवर उभं केलं, ट्रकभोवती. सहाव्याला म्हटलं, आजोबा, आता घरी चला.

मग जास्तीच्या भागांच्या डब्यातून एक अधिकारी काढला. हातात नकाशा, डोक्यावर टोप. त्याला काकांचं तोंड दिलं, तरुणपणीच्या फोटोवरून. ट्रकच्या खाली खड्ड्यात आडवा ठेवला. डब्यात उरलेली माती दोन बोटांनी त्याच्यावर सोडली. हळूहळू. त्याच्या तोंडावर आधी.

मी हे रागाच्या भरात केलं असं लिहिणार नाही. पाणी प्यायले, हात धुतले आणि केलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

काका गेले. सकाळी अकराला ललिताबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा खुर्चीत बसलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. ललिताबाईंनी डॉक्टर यायच्या आधी त्यांचं तोंड धुतलं होतं. बेसिनमध्ये मी पाहिलं. तांबडी माती, बारीक, गाळलेली, मध्ये काळे कण.

 दुपारी ललिताबाई आपला डबा आणि चपला घेऊन निघून गेल्या.

मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं का, हे तपासून पाहिलं. नाही वाटलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

काकांचा भाचा, यशोधन, नागपूरहून येऊन सगळं उरकून गेला. चांगला माणूस आहे. संग्रह शाळेत पोचवेपर्यंत मी राहावं, असं म्हणाला. किल्ली दिली. घरात मी एकटी.

आता शांत व्हायला हवं होतं. पत्रा अजून वाजतो. दुपारी जास्त.

बाबांचा फोन आला. आजीचा आवाज किती दिवसांनी मोकळा झाला, सांगत होते. मग सहज म्हणाले, दोन दिवस झाले, भातात खडे लागतात. माझ्या आईनं तांदूळ तीनदा निवडला. फक्त त्यांच्याच ताटात लागतात.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सहाही वळले आहेत.

मी त्यांना खड्ड्याकडे तोंड करून उभं केलं होतं. आता खड्ड्याकडे पाठ आहे. सगळे एकाच दिशेला पाहताहेत. पाठमोऱ्या फावडेवाल्याकडे.

त्याच्याकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. भिंग घेतलं. तो उंच आहे, बाकीच्यांपेक्षा. पायाशी काडीएवढ्या फळ्या पडल्या आहेत. उजवा हात दांड्यावर, डावा त्याच्या खाली. डाव्या हाताची बोटं मोजली. परत मोजली. सुईनं मोजली.

चार.

करंगळीच्या जागी काकांनी कानशीनं घासलेलं आहे.

मग सहाव्याचे हात पाहिले. दोन्ही हात पूर्ण. दहा बोटं.

ट्रकच्या नोंदीची वही सगळ्यांत खाली होती. शेवटच्या पानावर, 'फळ्या काढणारा महागू. मी सांगितलं, त्यानं काढल्या. आतून त्याचं नाव घेऊन हाका मारत होते. त्याच दुपारी पळाला.'

२४ नोव्हेंबर, रविवार

घरी गेले नाही. कसं जाऊ. आज नातेवाईक यायला लागले असतील. बुधवारी दहावं. आजीनं कुंकू पुसलं आहे, माझ्या शब्दावर.

तिला सांगायचं की तो पळालाच. गाव अर्धं बरोबर होतं. बाई घेऊन नाही, सहा माणसांचे आवाज घेऊन पळाला.

नाही सांगणार. नाही—

बाबांचा फोन. बोलताना मधेच खोकले. थुंकले. म्हणाले, काही नाही, माती गेली तोंडात, वावरात होतो. मागून आई म्हणाली, ते तर सकाळपासून खाटेवर आहेत.

हुकूम देणारा गेला. फळ्या काढणारा कुठे मेला, कुणाला माहीत नाही. त्याचा मुलगा आहे. आणि मी.

२५ नोव्हेंबर, सोमवार

उपाय एकच दिसतो. काकांना सापडला होता तोच.

आज त्या सहांना परत आत घालते. बाबांसाठी. फक्त बाबांसाठी.

पुनारामला घातलं. बुरूज लावला, डिंक ओतला. आतून वाजवलं. मी बोट दाबून धरलं, वाळेपर्यंत. वाजवणं हळूहळू कमी झालं.

पाच झाले. प्रत्येकानं वाजवलं. पाचव्यानं माझं नाव घेतलं. आजोबांचं नाही, माझं.

मी लिहिणार होते त्यांची नावं, पाट्यांवर. मीच—

सहावा सापडत नाही. ज्याचं नाव नाही तो.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

बाबा बरे आहेत. सकाळपासून खोकला नाही, भात गोड लागला, म्हणाले. आजी आमचं बोलणं ऐकून मागून विचारत होती, पोरगी दहाव्याले येते न? मी येते म्हटलं.

सहावा नाही. कपाटं, डबे, झाडू—सगळीकडे पाहिलं.

देखाव्यात नवीन माणूस आहे. फावडेवाल्याच्या शेजारी. मी ठेवलेला नाही. बाई आहे. पंजाबी ड्रेस, पाठीवर वेणी, हातात—डिंकाची बाटली. अजून नुसतं राखाडी अस्तर.

दाराची कडी निघत नाही. आतून पक्की झाली आहे. कडीवर पांढरं काहीतरी वाळलेलं. खिडकीवरही.

ओरडले. बाहेर रस्ता आहे, ऊन आहे, भाजीवाला जातो आहे. काच वाजवली. त्यानं वर पाहिलं नाही.

मोबाइल बंद. चार्जिंगच्या भोकात माती.

२७, बुधवार

आज दहावं. अकरा वाजले असतील. पहिल्या पंगतीत हसणाऱ्या बाया—

तिला ड्रेसचा रंग आला आहे. माझाच निळा. हात रंगले. वेणी रंगली. जिथे जिथे रंग चढतो तिथे माझं अंग गार पडतं, हलत नाही. पाय कालच गेले. उजवा हात अजून आहे. तो ठेवला आहे लिहायला—की त्यालाच हवं आहे मी लिहावं.

सहावा इथेच आहे. मला दिसत नाही, ब्रश पाण्यात बुडवल्याचा आवाज येतो. काचेच्या काठावर टिचकी. हात स्थिर आहे त्याचा.

त्याचं नाव कुणीतरी शोधा. कुणाचा तरी असेल. त्याच्याही घरी कुणी कुंकू—

वरून माती पडते आहे. पानावर. बारीक, गाळलेली. फुंकर मारते, परत पडते.

आजी, आजोबा पयाले नाही. हेच खरं धर. हेच सग

डोळे राहिले होते. डावा झाला. अर्धं पान दिसत नाही. उजव्या बाजूची ओळ तेवढी

बुडवला. टिचकी